पदविकेतून पदवीच्या दुसऱ्या वर्षात: उन्हाळी सुट्टीतील सेंद्रिय रसायनशास्त्राचे एक प्रकरण

औषधनिर्माणशास्त्राची पदविका, म्हणजे डी.फार्म., पूर्ण केलेल्या विद्यार्थ्याला बी.फार्म.च्या दुसऱ्या वर्षात थेट प्रवेश घेता येतो. महाराष्ट्रात हे प्रवेश राज्य सामाईक प्रवेश परीक्षा कक्षामार्फत, पदविकेतील गुणांच्या आधारे होतात. असा विद्यार्थी तिसऱ्या सत्रात दाखल होतो; पहिल्या दोन सत्रांचे श्रेयांक पदविकेच्या बळावर त्याच्या नावे धरले जातात आणि संवादकौशल्ये व संगणकाचा वापर हे विषय तेवढे त्याला जादा पूर्ण करावे लागतात. ही सोय योग्यच आहे. लवकर नोकरीला लागण्यासाठी बारावीनंतर पदविकेकडे वळलेल्या अनेक मुलामुलींना तिच्यामुळे पदवीची वाट पुन्हा खुली झाली आहे. मात्र जे विषय झाले असे धरले जाते, त्यांत सेंद्रिय रसायनशास्त्राचा प्रास्ताविक अभ्यासक्रमही येतो. तो बी.फार्म.च्या दुसऱ्या सत्रात शिकवला जातो आणि थेट दुसऱ्या वर्षात आलेला विद्यार्थी त्या वर्गात कधी बसलेलाच नसतो. तिसऱ्या सत्राच्या आरंभी त्याच्यासमोर या विषयाचा दुसरा भाग उघडतो, त्याची सुरुवात बेंझीन आणि त्यावरील प्रतिस्थापन अभिक्रियांपासून (एका अणू किंवा गटाच्या जागी दुसरा बसणे) होते, आणि शिकवणारा शिक्षक कार्बोकॅटायन (धनभारित कार्बन असलेला आयन), रेझोनन्स (इलेक्ट्रॉन एका जागी न राहता रेणूत पसरणे), इलेक्ट्रॉन ओढणारे गट हे सारे वर्गाला माहीत आहे असे समजून पुढे जातो. त्याचेही काही चुकत नाही, कारण वर्गातील बहुतेकांनी ते आदल्याच सत्रात शिकलेले असते.

प्रस्तुत प्रकरण अशा प्रवेशाची तयारी करणाऱ्या एका विद्यार्थिनीचे आहे. मी नाशिकमध्ये सेंद्रिय रसायनशास्त्र शिकवतो आणि त्या उन्हाळ्यात तिच्या अभ्यासाची आखणी व तपासणी माझ्याकडे होती. तिच्या इच्छेनुसार तिचे आणि ती काम करत होती त्या दुकानाचे नाव येथे दिलेले नाही. प्रकरण लिहून काढावे असे वाटण्याचे कारण असे, की सत्रभराचा अभ्यासक्रम सुट्टीत बसवताना आपण सहसा तासांची बेरीज करतो आणि ती जुळली की आखणी झाली असे मानतो. या विषयात व्याख्यानाचे तास क्वचितच कमी पडतात. एका संकल्पनेवर दुसरी उभी करण्याआधी पहिली मुरायला जो काळ लागतो, तो कमी पडतो. हे लक्षात घेतले की अभ्यासक्रमातले काय गाळायचे हा प्रश्न टाळता येत नाही, आणि या प्रकरणाचा गाभा तोच आहे.

प्रवेशापूर्वीची स्थिती

विद्यार्थिनी दिंडोरी तालुक्यातील द्राक्षबागायतदार कुटुंबातील. बारावी विज्ञान शाखेतून, पुढे दोन वर्षांची पदविका, त्यानंतर नोंदणीकृत फार्मासिस्ट म्हणून पंचवटीतील एका मेडिकलमध्ये नोकरी, आणि राहायला मावशीकडे. अंबड किंवा सातपूरच्या औद्योगिक वसाहतीतील एखाद्या औषध कंपनीत, गुणवत्ता नियंत्रणाच्या प्रयोगशाळेत काम करावे अशी तिची इच्छा होती आणि त्यासाठी पदवी हवी होती. एप्रिलच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंतचा काळ अभ्यासाला मिळणार होता. मेडिकलच्या मालकांनी समजूतदारपणे तिची संध्याकाळची पाळी दुसऱ्याकडे दिली, त्यामुळे दुपारनंतरचा वेळ मोकळा झाला. रविवार मात्र मिळणार नव्हता. एप्रिलमध्ये द्राक्षबागेची खरड छाटणी असते, पुढे फुटी निघाल्या की विरळणीला घरातले प्रत्येक माणूस लागते, आणि सुट्टीच्या दिवशी घरी न जाणे तिला शक्य नव्हते. ही अडचण मी आखणीत पहिल्या दिवसापासून गृहीत धरली. आठवड्यातला एक दिवस अभ्यासाविना जाणार हे ठाऊक असले की त्याचा उपयोगही करून घेता येतो.

पहिल्या भेटीत मी तिला कोरा कागद दिला आणि पॅरासिटामॉल, ॲस्पिरिन आणि आयब्युप्रोफेन यांच्या रचना काढायला सांगितल्या. तिने तिन्ही अचूक काढल्या. पदविकेच्या औषधी रसायनशास्त्रात औषधांचे रासायनिक वर्गीकरण, उपयोग, साठवण आणि प्रचलित व्यापारी नावे यांवर भर असतो, आणि तो अभ्यास तिने मनापासून केला होता. मग मी विचारले, की पॅरासिटामॉलच्या रेणूतील कोणता हायड्रोजन सर्वांत सहज निघेल, आणि नायट्रोजनवर इलेक्ट्रॉनांची मोकळी जोडी आहे का. दोन्ही प्रश्नांवर ती थांबली. बारावीला तिने हॅलोजन अनुजात, अल्कोहोल, फिनॉल, अल्डिहाइड ही प्रकरणे केली होती आणि मार्कोव्हनिकोव्हचा नियम (अल्कीनला हायड्रोजन हॅलाइड जोडताना हायड्रोजन कोणत्या कार्बनवर बसतो हे सांगणारा) तिला शब्दशः पाठ होता; परंतु तो नियम का खरा ठरतो हे तिला कधी कोणी विचारले नव्हते. तिला रेणू चित्र म्हणून येत होते, त्या चित्रातील इलेक्ट्रॉन दिसत नव्हते.

हे निदान महत्त्वाचे होते, कारण त्यावरून दोन गोष्टी ठरत होत्या. अगदी पहिल्या पायरीपासून, म्हणजे कार्बनच्या चार संयुजांपासून, सुरुवात करण्याची गरज नव्हती. तसेच पाठांतराची तिची ताकद इतकी पक्की होती, की नव्या अभिक्रियाही ती सहज पाठ करील आणि आपल्याला त्या कळल्या असे तिला प्रामाणिकपणे वाटेल, हा धोका मोठा होता.

आखणी

त्या वर्षी लागू असलेल्या फार्मसी कौन्सिल ऑफ इंडियाच्या अभ्यासक्रमात या प्रास्ताविक भागासाठी ४५ तासांची व्याख्याने नेमलेली होती आणि पाच घटकांना अनुक्रमे ७, १०, १०, १० आणि ८ तास दिलेले होते: वर्गीकरण, नामकरण व समघटकता (सूत्र एकच, रचना वेगळी); अल्केन, अल्कीन व डाईन; अल्किल हॅलाइड व अल्कोहोल; कार्बोनिल संयुगे; आणि शेवटी कार्बोक्सिलिक आम्ले व अमाइन. सत्रात ही व्याख्याने आठवड्याला तीन तास या गतीने होतात. दोन महिन्यांत तेवढेच तास बसवायचे म्हटले तर आठवड्याला सहा तासांच्या आतच काम भागते, आणि दुपारनंतरचा सगळा वेळ मोकळा असलेल्या विद्यार्थ्याला ते सहज जमावे असे वाटते. अमेरिकेतील विद्यापीठांच्या उन्हाळी सत्रांत हाच विषय याहूनही कमी आठवड्यांत उरकला जातो, आणि तो घेणाऱ्या विद्यार्थ्याने त्या काळात दुसरा कोणताही विषय घेऊ नये असा सल्ला तेथे सर्रास दिला जातो. त्या सल्ल्यामागचे कारण तासांच्या बेरजेत दिसत नाही. सत्रात सोमवारी शिकवलेली गोष्ट पुढच्या आठवड्यात लागते. उन्हाळ्यात ती बुधवारीच लागते.

म्हणून मी घटकांचा क्रम बदलला. नामकरणाने सुरुवात करण्याऐवजी आम्ल आणि आम्लारी यांनी सुरुवात केली, आणि त्यासाठी पुस्तकातील उदाहरणे न घेता तिच्या दुकानातील गोळ्यांची पाकिटे घेतली. डायक्लोफेनॅक सोडियम, मेटफॉर्मिन हायड्रोक्लोराइड, सेटिरिझिन डायहायड्रोक्लोराइड, अम्लोडिपिन बेसिलेट ही नावे ती रोज वाचत होती. औषधाच्या नावापुढे सोडियम किंवा पोटॅशियम आले, तर मूळ रेणूने प्रोटॉन सोडला आहे. हायड्रोक्लोराइड किंवा बेसिलेट आले, तर मूळ रेणूतील नायट्रोजनने प्रोटॉन घेतला आहे. तिने कामावरून येताना अशा नावांची यादी आणायची आणि प्रत्येक रेणूत प्रोटॉन कुठून गेला किंवा कुठे बसला ते दाखवायचे, असा सुरुवातीचा अभ्यास होता. पदविकेचे ज्ञान अशा रीतीने उपयोगी पडू लागले, आणि आपल्याला काहीच येत नाही ही तिची भीतीही ओसरली.

या यादीतूनच एके दिवशी तिने विचारले, “सर, पँटोप्राझोल सोडियममध्ये कार्बोक्सिलिक आम्लाचा गटच नाही, मग सोडियम कुठे लागला?” हा प्रश्न फार चांगला आहे. पँटोप्राझोलमधील बेंझिमिडाझोल वलयाच्या नायट्रोजनवरचा हायड्रोजन निघू शकतो, कारण तो गेल्यावर उरणारा ऋणभार एका अणूवर अडकून राहत नाही. तो वलयभर पसरतो आणि शेजारचा सल्फर-ऑक्सिजन गट त्याला आपल्याकडे ओढतो. ऋणभार जितका पसरेल तितका तो स्थिर, आणि तो जितका स्थिर तितके मूळ आम्ल तीव्र, ही सेंद्रिय रसायनशास्त्रातली पहिली खरी कारणमीमांसा तिला तिच्याच प्रश्नातून मिळाली.

त्यानंतर पीकेएची सारणी आली. पीकेए ही आम्लाची तीव्रता सांगणारी संख्या; ती जितकी लहान तितके आम्ल तीव्र. ॲसिटिक आम्ल ४.७६, फिनॉल सुमारे १०, पाणी १५.७, इथेनॉल १६ च्या आसपास, ॲसिटिलीन २५, आणि अल्केन ५० च्या घरात. या सहा-सात संख्या पाठ करण्यास मी आग्रहाने सांगितले. पाठांतराला माझा विरोध नाही; नेमके काय पाठ करावे एवढाच प्रश्न असतो. कार्बोनिक आम्लाचा पीकेए ६.४ च्या जवळ, ॲस्पिरिनचा ३.५ आणि पॅरासिटामॉलचा ९.५ हे समजल्यावर खाण्याच्या सोड्याच्या द्रावणात ॲस्पिरिन फसफसून विरघळेल आणि पॅरासिटामॉल फसफसणार नाही, हे तिने कागदावर आधी लिहिले आणि मगच प्रयोगाच्या पुस्तकात पडताळले.

इलेक्ट्रॉनांची हालचाल वक्र बाणांनी दाखवण्याची पद्धत रॉबर्ट रॉबिन्सन यांनी १९२२ च्या सुमारास रूढ करायला सुरुवात केली. ती आज प्रत्येक पुस्तकात असते, पण विद्यार्थी बहुधा बाणाची नक्कल करतात. बाण इलेक्ट्रॉन जिथे आहेत तिथून निघतो आणि जिथे जातात तिथे टेकतो, हा एक नियम मोडला की पुढचे सगळे बिघडते. त्यामुळे दररोज एक पान हाताने काढायचे, दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानात जाण्यापूर्वी तेच पान न बघता पुन्हा काढायचे आणि दोन्ही पाने शेजारी ठेवून फरक लाल शाईने खुणवायचा, असे ठरले. रविवारी घरी जाताना वही न्यायची नाही आणि सोमवारी पहिल्यांदा शनिवारचे पान काढायचे. एक दिवस मध्ये गेल्यावर काय उरते हे त्यातून कळत असे, आणि उरलेले तेवढेच शिकलेले, असे आम्ही मानत होतो.

एनपीटीईएल या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या उपक्रमातील आयआयटीच्या प्राध्यापकांची व्याख्याने मोफत पाहता येतात आणि ती उत्तम आहेत. तिने सुरुवातीला ती रोज पाहिली. त्यात एक गोष्ट लक्षात आली: व्याख्यान पाहताना सगळे समजत असे आणि वही उघडल्यावर हात थांबत असे. उन्हात दुकानातून आलेल्या माणसाला अभ्यासिकेत बसून व्याख्यान पाहणे हे कागदावर रेणू काढण्यापेक्षा नक्कीच सुसह्य वाटते, पण त्यात गेलेला तास अभ्यासाचा तास म्हणून मोजला जातो आणि हिशेब चुकतो. त्यामुळे आधी प्रश्न सोडवायचा, अडले तरच त्या मुद्द्याचे व्याख्यान पाहायचे, असा क्रम लावला.

मे महिन्यातील पेच

मेच्या मध्यापर्यंत अल्कीन संपून अल्किल हॅलाइड सुरू झाले होते आणि वेळापत्रकाच्या दृष्टीने सर्व ठीक चालले होते. एसएन-१ आणि एसएन-२ या दोन प्रकारच्या प्रतिस्थापन अभिक्रियांच्या (पहिलीत जुना गट आधी सुटतो, दुसरीत नवा कण हल्ला करत असतानाच तो सुटतो) तुलनेचा तक्ता तिने सुरेख तयार केला: वेग कशावर अवलंबून, कोणता कार्बन अनुकूल, कोणता द्रावक, रचनेचे काय होते. तोंडी विचारले तर एकही चूक होत नसे. मग मी एक साधे उदाहरण दिले, की टर्शरी ब्युटिल ब्रोमाइडवर सोडियम इथॉक्साइडची क्रिया केल्यास मुख्य उत्पादित काय मिळेल. तिने इथर लिहिला, एसएन-२ असे नाव दिले आणि बाणही काढले. प्रत्यक्षात तिथे प्रतिस्थापन जवळजवळ होत नाही. तीन मेथिल गटांच्या गर्दीमुळे इथॉक्साइडला कार्बनपर्यंत पोचता येत नाही, ते तीव्र आम्लारी असल्यामुळे बाहेरचा हायड्रोजन काढून घेते आणि आयसोब्युटिलीन तयार होते.

चूक होणे स्वाभाविक होते. मला चिंता वाटली ती तिच्या स्पष्टीकरणाने. ती म्हणाली, “सर, तक्त्यात सोडियम इथॉक्साइड न्यूक्लिओफाइलच्या रकान्यात आहे.” न्यूक्लिओफाइल म्हणजे इलेक्ट्रॉनांची जोडी घेऊन कार्बनवर हल्ला करणारा कण. पण एकच आयन एका परिस्थितीत कार्बनवर हल्ला करतो आणि दुसऱ्या परिस्थितीत हायड्रोजन उचलतो, ही गोष्ट तक्त्याच्या रकान्यांत मावत नाही. तिने नवी माहिती जुन्याच सवयीने, म्हणजे औषधांच्या वर्गीकरणासारखी, नावांच्या खाली लावून ठेवली होती. एप्रिलमध्ये तिला समजलेले आम्ल-आम्लारीचे तर्कशास्त्र आणि मेमधील हा तक्ता यांच्यात काही संबंध आहे, हे तिच्या ध्यानात आलेच नव्हते.

या ठिकाणी तीन मार्ग होते. वेळापत्रकाप्रमाणे पुढे जाऊन जूनच्या मध्यापर्यंत पाचही घटक पूर्ण करावेत, हा पहिला. घरच्यांचाही कल त्याकडे होता, कारण अभ्यासक्रम संपवणे ही त्यांच्या दृष्टीने दिसणारी, मोजता येणारी गोष्ट होती. दुसरा मार्ग तिच्या मावसभावाने सुचवला: खासगी शिकवणीतला तीन आठवड्यांचा क्रॅश कोर्स, ज्यात सर्व अभिक्रियांच्या छापील टिपणांचा संच मिळतो. तिसरा मार्ग म्हणजे पुढचे सारे थांबवून पीकेएच्या सारणीपाशी परत जावे आणि तिथून प्रतिस्थापनापर्यंतचा रस्ता नव्याने चालावा. त्याची किंमत स्पष्ट होती. जवळजवळ दोन आठवडे जाणार आणि अभ्यासक्रमाचा मोठा भाग गाळावा लागणार.

टिपणांचा मार्ग तिला सर्वांत सोयीचा आणि म्हणूनच सर्वांत घातक होता, कारण जे तिला आधीच उत्तम जमत होते तेच त्यात आणखी करायचे होते. पुढे जाण्याच्या मार्गाबद्दल माझे मत असे, की त्याचा निर्णय मागच्या बाजूने, म्हणजे तिसऱ्या सत्राकडून, करायला हवा. तिला या प्रास्ताविक विषयाची परीक्षा द्यायचीच नव्हती. तिला पुढच्या सत्रात उभे राहायचे होते, आणि तिथे लागणार होते ते असे: कार्बोकॅटायनची स्थिरता आणि त्याची पुनर्रचना, रेझोनन्स, इलेक्ट्रॉन देणारे आणि ओढणारे गट, फिनॉलची आम्लता, अमाइनची आम्लारिता, आणि तेले व चरबी यांसाठी एस्टरचे जलविघटन. डील्स-आल्डर, पर्किन, बेंझॉइन या अभिक्रिया त्या सत्रात तिला अडवणार नव्हत्या. हे तिच्यासमोर मांडल्यावर तिने तिसरा मार्ग स्वीकारला, आणि घरच्यांशी स्वतः बोलली.

पुन्हा सुरुवात केली ती एकाच प्रश्नापासून: कोणता गट कार्बनला सोडून सहज जातो? हायड्रोब्रोमिक आम्लाचा पीकेए उणे ९ च्या जवळ आहे, म्हणजे ब्रोमाइड अत्यंत दुर्बल आम्लारी आहे आणि इलेक्ट्रॉनांची जोडी घेऊन सुखाने वेगळा राहू शकतो. पाण्याचा पीकेए १५.७, म्हणजे हायड्रॉक्साइड तीव्र आम्लारी आहे आणि तसा सहज जाणार नाही. म्हणून अल्कोहोलची प्रतिस्थापन अभिक्रिया आम्लाच्या उपस्थितीत करावी लागते, जेणेकरून जाणारा गट हायड्रॉक्साइड न राहता पाणी होईल. ज्या सारणीने सोड्यातील ॲस्पिरिनचे उत्तर दिले, तीच सारणी इथे उपयोगी पडते हे तिने स्वतः बोलून दाखवले. मग दुसरा प्रश्न: येणारा कण किती तीव्र आम्लारी आहे? आयोडाइड अगदी दुर्बल आम्लारी असूनही कार्बनवर उत्तम हल्ला करतो. इथॉक्साइड दोन्ही करू शकते, म्हणून तिथे कार्बनभोवतीची गर्दी निर्णायक ठरते. टर्शरी ब्युटिल मेथिल इथर बनवायचा असेल तर मेथिल आयोडाइडवर टर्शरी ब्युटॉक्साइडची क्रिया करावी, उलट बाजूने केल्यास अल्कीन मिळेल, हे उदाहरण तिने या दोन प्रश्नांच्या आधाराने कोणत्याही तक्त्याविना सोडवले. तक्ता आम्ही फाडला नाही. वहीच्या शेवटी नेऊन ठेवला आणि प्रत्येक रकान्यासमोर त्याचे कारण लिहिण्याचे काम तिला दिले. ते जूनपर्यंत चालले होते.

अभ्यासक्रमाच्या रचनेतील एक विसंगतीही याच काळात आडवी आली. एसएन-१ आणि एसएन-२ दुसऱ्या सत्रात शिकवल्या जातात, त्यांत रचना उलटणे आणि रॅसेमिक मिश्रण (आरशातील प्रतिमेसारख्या दोन रूपांचे समान मिश्रण) तयार होणे यांचा उल्लेख येतो. परंतु अशा रूपांचा, म्हणजे प्रकाशीय समघटकतेचा, सविस्तर अभ्यास चौथ्या सत्रात आहे. म्हणजे उलटते काय हे माहीत नसताना ते उलटते एवढे लिहायचे. मला हे पटत नाही, आणि वेळ कमी असूनही दोन दिवस मी या विषयाला दिले. तिच्या घरच्या द्राक्षांतले प्रमुख आम्ल टार्टारिक आम्ल. त्याच्याच एका क्षाराचे, सोडियम अमोनियम टार्ट्रेटचे, आरशातील प्रतिमेसारखे दोन प्रकारचे स्फटिक लुई पाश्चर यांनी १८४८ मध्ये हाताने वेगळे केले, आणि १८७४ मध्ये व्हान्ट हॉफ आणि ल बेल यांनी स्वतंत्रपणे कार्बनच्या चार बंधांची चतुष्फलकीय मांडणी सुचवून त्याचा उलगडा केला. मातीच्या रंगीत गोळ्या आणि टूथपिक यांचे दोन रेणू करून ते एकमेकांवर बसत नाहीत हे तिने हाताने पाहिले.

इथेही दुकानातील औषधांनी मोठी मदत केली. सेटिरिझिनची मात्रा १० मिलिग्रॅम असते तेव्हा लेव्होसेटिरिझिनची ५ का, हे ती आजवर दोन वेगळ्या औषधांच्या दोन मात्रा म्हणून पाठ करत आली होती. सेटिरिझिन हे दोन्ही प्रतिमारूपांचे समान मिश्रण आहे आणि लेव्होसेटिरिझिन हे त्यातील एकच, मुख्यत्वे परिणामकारक असलेले रूप आहे, हे कळल्यावर त्या संख्येला अर्थ आला. त्याहून बोधप्रद उदाहरण पुढचे. लेव्होसेटिरिझिन हे आर रूप आहे आणि लेव्होफ्लॉक्सासिन हे एस रूप आहे. दोन्ही रेणू ध्रुवित प्रकाश डावीकडे वळवतात, परंतु प्रकाश कुठे वळतो ही मोजून कळणारी गोष्ट आहे, तर आर आणि एस हे गटांच्या अग्रक्रमावरून ठरवलेले रचनेचे वर्णन आहे, आणि एकावरून दुसरे सांगता येत नाही. चौथ्या सत्रातील विद्यार्थीही इथे हमखास चुकतात. तिची चूक होण्याचे कारण उरले नाही, कारण दोन्ही औषधे तिच्या हाताखालून रोज जात होती.

पुढील सत्रातील अनुभव आणि उरलेली उणीव

जूनच्या मध्यापर्यंत कार्बोनिल संयुगांपैकी केंद्रकस्नेही समावेशन (कार्बोनिलच्या कार्बनला न्यूक्लिओफाइल जोडला जाणे) आणि अल्डॉल संघनन, तसेच एस्टरचे जलविघटन एवढे झाले. अमाइन घाईने झाले, नामकरण फक्त लागेल तेवढे झाले, डाईन पूर्णपणे राहिले. विद्यापीठाच्या जुन्या प्रश्नपत्रिकेवर तिची तपासणी घेतली असती तर तिला सामान्यच गुण मिळाले असते, कारण त्यातले कितीतरी प्रश्न नावाने ओळखल्या जाणाऱ्या अभिक्रियांवर असतात आणि त्या आम्ही जाणूनबुजून सोडल्या होत्या. हे मी तिला आधीच सांगितले होते, जेणेकरून वर्गातल्या इतरांशी तुलना करून ती खचू नये.

प्रवेश मिळाला आणि तिसरे सत्र सुरू झाले. बेंझीनवरील प्रतिस्थापनाच्या प्रकरणात, बेंझीन, नॉर्मल प्रोपिल क्लोराइड आणि ॲल्युमिनियम क्लोराइड यांच्या अभिक्रियेत सरळ साखळीऐवजी मुख्यत्वे आयसोप्रोपिल बेंझीन मिळते, हे वर्गात सांगण्यापूर्वी तिने वहीत लिहिले होते. हायड्राइडच्या (इलेक्ट्रॉनांच्या जोडीसह हायड्रोजनच्या) स्थलांतराने अधिक स्थिर कार्बोकॅटायन तयार होतो हे तिला मेमधील त्या दोन आठवड्यांतून माहीत होते. त्याहून मला अधिक समाधान वाटले ते ॲनिलिनच्या उत्तराने. ॲनिलिनचा अमिनो गट नव्या गटाला ऑर्थो आणि पॅरा स्थानी, म्हणजे वलयावर आपल्या शेजारी आणि समोर, पाठवतो, तरीही तीव्र आम्लात थेट नायट्रेशन केल्यास मेटा (एक स्थान सोडून) उत्पादित लक्षणीय प्रमाणात का मिळते, असा प्रश्न पहिल्या अंतर्गत परीक्षेत होता. तिने लिहिले की आम्लात ॲनिलिनच्या नायट्रोजनवर प्रोटॉन बसतो, त्यामुळे त्याची मोकळी जोडी वलयाला देण्यास उरत नाही आणि धनभारित गट इलेक्ट्रॉन ओढू लागतो. एप्रिलमध्ये हायड्रोक्लोराइडच्या पाकिटांवर जे शिकली, तेच तिने इथे वापरले. बहुवलयी संयुगांचे नामकरण मात्र तिला सत्रभर जड गेले, आणि नावांच्या अभिक्रियांत ती इतरांच्या मागेच राहिली. विषयात ती उत्तीर्ण झाली.

या अनुभवाची व्याप्ती मर्यादित आहे. संध्याकाळची पाळी सोडवून देणारे मालक, राहायला मावशीचे घर आणि पाठांतराची असामान्य शक्ती या गोष्टी सर्वांना मिळत नाहीत. पदविकेनंतर थेट आलेल्या ज्यांना पूर्ण दिवस नोकरी करावी लागते, त्यांना याहूनही कमी मजकूर निवडावा लागेल. माझ्या मते त्यांनी आम्ल-आम्लारी, रेझोनन्स आणि कार्बोकॅटायन एवढ्यावर थांबले तरी चालेल, पण तेवढे हाताने काढता आले पाहिजे. प्रवेशाच्या फेऱ्या संपून वर्ग सुरू होईपर्यंतचा जो काळ असतो, त्यात महाविद्यालयांनी या विद्यार्थ्यांसाठी एवढाच छोटा वर्ग चालवला तर अनेकांचे तिसरे सत्र वाचेल, आणि त्यासाठी कोणत्याही नव्या सामग्रीची गरज नाही.

एक उणीव मात्र उन्हाळ्यात भरून काढता येत नाही, ती प्रात्यक्षिकांची. प्रास्ताविक भागाच्या प्रात्यक्षिकांत अज्ञात सेंद्रिय संयुगाचे पद्धतशीर गुणात्मक विश्लेषण असते: विद्राव्यता, मूलद्रव्यांची ओळख, क्रियाशील गटांच्या चाचण्या, अनुजात तयार करणे. पॅरासिटामॉलला फेरिक क्लोराइडने निळा-जांभळा रंग येतो, कारण त्यात फिनॉलचा गट आहे, हे तिला माहीत होते. पण सुट्टीत प्रयोगशाळा बंद असते आणि सोडियम धातूसारख्या पदार्थाशी संबंध येणारे प्रयोग घरी करण्याचा प्रश्नच येत नाही. शिवाय ही प्रात्यक्षिके सम सत्रात होत असल्याने ऑगस्टमध्ये महाविद्यालयात आल्यावरही ती तिला लगेच मिळणार नव्हती. शेवटी जानेवारीत, विभागप्रमुखांच्या परवानगीने, तिच्या मोकळ्या दुपारी ती पहिल्या वर्षाच्या तुकडीबरोबर प्रयोगशाळेत उभी राहू लागली आणि मूलद्रव्ये ओळखण्याच्या लासेन चाचणीसाठी सोडियमचा तुकडा संयुगाबरोबर वितळवण्याचे काम तिने पहिल्यांदा तिथे केले.